कुसुम सिस्टरांची वही

कुसुम सिस्टर पहिल्यांदा आमच्या घरी आल्या तेव्हा मी फाटकाला आतून कुलूप घालून ठेवलं होतं. त्या येणार हे मला ठाऊक होतं, वेळही मीच दिली होती, तरी घातलं. कुलपासमोर माणूस कसा उभा राहतो यावरून पुष्कळ कळतं, असं माझं मत आहे. कुणी बेल तीनदा दाबतो, कुणी लगेच फोन काढतो, कुणी फाटक हलवून बघतो. या बाईंनी बेल एकदाच दाबली, आपली आकाशी स्कूटी सावलीत लावली आणि आमच्या जास्वंदीकडे बघत उभ्या राहिल्या. मी पडद्याआडून चार मिनिटं बघत होतो. दुसऱ्यांदा बेल वाजली नाही, आणि तिथेच मला पहिला संशय आला.

संशय हा माझा पोटापाण्याचा धंदा होता. छत्तीस वर्षं रेल्वेत पूल तपासले. एकेका रिव्हेटवर, म्हणजे लोखंडी जोडखिळ्यावर, हातोडी मारायची आणि कान देऊन ऐकायचं. घट्ट रिव्हेट एक आवाज करतो, सैल झालेला दुसरा. निवृत्त झाल्यावर हातोडी सुटली, पण ठोकून बघायची खोड सुटली नाही. दूधवाला, पेपरवाला, मुलीचा नवरा, सगळे त्यातून गेले. "एक दिवस देवालाही ठोकून बघाल," असं माझी बायको विजया म्हणायची.

आम्ही मूळचे मिरजेचे. बदलीवर लखनौला आलो आणि इथल्या महानगर नावाच्या वस्तीत घर बांधून इथलेच झालो. मुलगी मृणाल इथेच वाढली. तिला रोजचं मराठी समजतं, पण उत्तर हिंदीत येतं. ती आता बंगळूरला असते. गेल्या हिवाळ्यात विजयाच्या पोटातलं दुखणं निघालं ते स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं, आणि तेही पसरलेलं. मोठ्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की आता उपचारांनी त्रासच वाढेल, घरी घेऊन जा. किती दिवस, हे मी विचारलं तेव्हा ते हातातली फाइल चाळत राहिले. मी आत गेलो आणि विजयाला म्हणालो, "सूज आहे. उतरायला वेळ लागेल." छत्तीस वर्षांत एकाही अहवालात मी खोटं लिहिलं नव्हतं. पण ही बाई झुरळ दिसलं तरी पलंगावर चढायची. तिला हे कळलं तर ती त्या धसक्यानंच जाईल, याची मला खात्री होती. तिला कळू द्यायचं नाही, हे एकच काम मी स्वतःला लावून घेतलं.

सिस्टरांची संस्था मृणालनं शोधली. "पापा, वो लोग घर आते हैं. इलाज नहीं करते, आराम देते हैं."

"इलाज नाही करत, तर येतात कशाला?" मी विचारलं. ती फोनवर रडायला लागली. पण प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. जिथून डॉक्टरही काढता पाय घेतात, तिथे आपण होऊन येणाऱ्या माणसांना हवं तरी काय असतं?

तर चार मिनिटांनी मी कुलूप काढलं. समोर पन्नाशीच्या, ठेंगण्या, सुती सलवार-कमीजमधल्या बाई. खांद्यावर कापडी पिशवी आणि छातीवर संस्थेचा बिल्ला. त्यावर 'हॉस्पिस' असं मोठ्या अक्षरात, म्हणजे शेवटच्या दिवसांतली शुश्रूषा. मी फाटकातच हात पुढे केला. "हा आत चालणार नाही. पेशंटला काही माहीत नाही. अशक्तपणासाठी सिस्टर येणार, एवढंच सांगितलंय. तुम्हीही तेच सांगायचं." त्यांच्याशी मी हिंदीतच बोलायचो, माझं बोलणं इथे मराठीत लिहितोय.

त्यांनी बिल्ला काढून पिशवीत टाकला. "देखिए भाईसाहब, बात ये है," त्या म्हणाल्या. प्रत्येक गोष्टीची सुरुवात त्या अशीच करत. "चुप मैं रह लूँगी. झूठ मैं नहीं बोलूँगी."

"म्हणजे?"

"मतलब, अपनी तरफ से कुछ नहीं कहूँगी. इतना ही."

मला ते तेव्हाच खटकायला हवं होतं. पण मी बिल्ला उतरवल्याच्या आनंदातच होतो.

मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून तेही पिशवीत टाकलं. ड्यूटीवरची बाई घड्याळ काढते? नाडी कशी मोजणार? विचारलं तर म्हणाल्या, "मरीज सबसे पहले यही देखता है कि सामनेवाला घड़ी देख रहा है या नहीं." हात कोपरापर्यंत धुतले. तळवे एकमेकांवर चोळून गरम केले. खोलीच्या दारात मात्र थांबल्या आणि आत यायची परवानगी मागितली. माझी नव्हे, विजयाची. "भाभीजी, आ जाऊँ?" माझ्या घरात बत्तीस वर्षांत कुणी विजयाला विचारून आत आलं नव्हतं. विजया उशीवरून जरा उठून बसली. "आइए ना," ती म्हणाली. तिचा आवाज मला बऱ्याच दिवसांनी घरमालकिणीसारखा वाटला.

तब्येत कशी आहे, हे त्यांनी विचारलंच नाही. विचारलं काय, तर "आज क्या खाने का जी है?" विजया दहा दिवस दोन चमच्यांपुढे खात नव्हती. ती म्हणाली, "झुणका." मग पिठलं वेगळं आणि झुणका वेगळा यावर पाऊण तास बोलणं झालं. मी दारात उभा राहून मनात नोंदलं की बाई गोडबोल्या आहेत, जपून राहायला हवं.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी अकराच्या सुमारास त्या यायच्या. आमच्याकडे चहा कधी घेतला नाही, फक्त पाणी. निघाल्या की मी गच्चीवर जाऊन त्यांची स्कूटी कुठे वळते ते बघायचो. कधी इंदिरानगरकडे, कधी उलट्या दिशेला. दिशा ठरलेली नव्हती, म्हणून संशय वाढला. दिशा ठरलेली असती तरी वाढलाच असता म्हणा.

गोळ्यांवरून पहिली चकमक झाली. दुखणं वाढलं तसं त्यांच्या डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलं. मॉर्फिन म्हणजे अफूचीच जात, एवढं मला ठाऊक होतं. विजयाला याची सवय लागली तर? ज्या बाईचे थोडे दिवस उरलेत तिला सवय लागली तर काय होणार होतं, हा प्रश्न मला पडला नाही. मी दर चार तासांनी गोळी अर्धी करून द्यायला लागलो. उरलेल्या अर्ध्या जुन्या पेढ्यांच्या डब्यात.

मंगळवारी सिस्टर आल्या. विजया हसून म्हणाली, "ठीक हूँ." त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पायांवरची चादर बाजूला केली आणि पावलांकडे बघितलं. दोन्ही पायांची बोटं आत वळून घट्ट मिटलेली होती. बाहेर आल्यावर स्वयंपाकघरात त्या माझ्याशी हळू आवाजात बोलल्या.

"गोली आधी कौन कर रहा है?"

मी ओट्यावरचं फडकं उचलून घडी करायला लागलो.

"भाईसाहब, आपके पुल पर भरी गाड़ी जा रही हो, तो आप कहेंगे कि चलो, आधे खंभे से काम चला लेते हैं?"

माझा पूल माझ्याच अंगावर टाकला बाईंनी. मी गेलो, डबा आणून त्यांच्यापुढे ठेवला. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. पूर्ण गोळ्या सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी विजयानं उशीला टेकून पेपर वाचला, आणि चार दिवस मी तिला विनाकारण दुखू दिलं हे मला कळलं. मला माझी लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून संशय जातो असं नाही, तो फक्त जागा बदलतो.

कारण आता बाईंनी नवीनच काढलं होतं. आल्या की अर्ध्या तासात मला बाहेर पाठवायच्या. "भाईसाहब, जरा कपूरथला मार्केट से बर्फ ले आइए, भाभीजी का मुँह सूख रहा है." बर्फ घरातही होता. "वो साफ नहीं जमता." पुढच्या खेपेला देशी टोमॅटो. त्याच्या पुढच्या खेपेला मिश्री, म्हणजे खडीसाखर, पण धाग्याची. कपूरथल्याच्या बाजारात जाऊन यायला मला चाळीस मिनिटं लागतात. चाळीस मिनिटं माझी बायको एका परक्या बाईबरोबर दार लोटून आत! मी परत आलो की विजयाचे डोळे लाल. विचारलं तर म्हणायची, "झोप लागली होती." आणि सिस्टर एका जाड, कापडी पुठ्ठ्याच्या वहीत काहीतरी लिहून ती घाईनं पिशवीत सरकवत असायच्या.

एका शुक्रवारी मी फाटकापर्यंत गेलो आणि तिथूनच परत फिरलो. चपला हातात घेऊन स्वतःच्या घरात चोरासारखा बोळात उभा राहिलो. आतून हसणं ऐकू आलं. मग विजया काहीतरी म्हणाली आणि सिस्टर निघायला उठल्याचा आवाज झाला. दारात येऊन त्या म्हणाल्या, "येते."

मराठीत. चक्क 'येते.' आपल्याकडे निघताना 'जाते' म्हणत नाहीत, हे लखनौच्या बाईला कुणी शिकवलं? आणि कशासाठी? माणूस दुसऱ्याची भाषा उगाच शिकत नाही. रेल्वेत मी ठेकेदार पाहिले होते. साहेब बंगाली असला की महिन्याभरात बंगाली बोलायला लागायचे. मी चपला घालून, खोकून, जणू आत्ताच आलो असा आत गेलो.

"बर्फ?" विजयानं विचारलं.

"संपला होता," मी म्हणालो. घरातला माझा खोटेपणा आता बर्फापर्यंत आला होता.

पुढच्या मंगळवारी संधी मिळाली. सिस्टर हात धुवायला गेल्या आणि पिशवी बाहेरच्या खुर्चीवर राहिली. मी वही काढली. दुसऱ्याची वही चोरून वाचणं वाईट, हे मला कळत होतं. तरी काढली.

प्रत्येक पान एकेका माणसाचं होतं. वर नाव आणि खाली शब्द. बंगाली शब्द, पंजाबी, भोजपुरी, एका पानावर मल्याळी, सगळे देवनागरीत आणि समोर हिंदी अर्थ. आमचं पान शेवटून तिसरं. 'दुखतंय – दर्द है. कूस – करवट. तहान – प्यास. घाबरल्यासारखं होतंय – जी घबरा रहा है. ह्यांना बोलवा – इनको बुलाइए. जाताना येते म्हणायचं, जाते नाही.' आणि त्याखाली दुसरं अक्षर. ते मी कुठेही ओळखलं असतं. विजयाचं, पण वेडंवाकडं आणि उतरतं झालेलं.

'मैं जाऊँगी तब इनको एकदम से मत बताना. पहले चाय देना. साखर दीड चमचा. डायबिटीसमुळे ते एक म्हणतील, ऐकू नका.'

मी ते दोनदा वाचलं. मग तिसऱ्यांदा वाचायला गेलो तर अक्षरं दिसेनात.

सिस्टर टॉवेलला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी माझ्या हातातली वही बघितली आणि समोरच्या खुर्चीवर बसल्या. मी ओरडलोच. आवाज आत जाऊ नये म्हणून दबक्या आवाजात ओरडलो, पण ओरडलोच. "तुम्ही सांगितलंत तिला! शब्द दिला होतात!"

"मैंने कहा था, झूठ नहीं बोलूँगी. पहले ही दिन, झुणके की बात के बाद, आप पानी लेने गए थे, तब उन्होंने पूछा. सीधे पूछा. बोलीं, मैं ठीक तो नहीं होऊँगी ना?"

"आणि मला का नाही सांगितलंत?"

"आपने कहा था, उनसे मत कहना. उन्होंने कहा, इनसे मत कहना, ये बहुत घबराते हैं. मैं किसकी सुनती? मैंने दोनों की सुन ली."

ये बहुत घबराते हैं. झुरळाला भिणारी बाई माझ्याबद्दल असं म्हणत होती.

"मग मला बाहेर का पाठवायचात?"

"वो रोना चाहती थीं, भाईसाहब. आपके सामने रोती नहीं हैं."

वहीचं विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं. फार वर्षांपूर्वी एक बंगाली वृद्धा त्यांची पेशंट होती. आयुष्यभर छान हिंदी बोलणारी. शेवटच्या दोन दिवसांत हिंदी पार गेली, फक्त लहानपणची बोली उरली. मुलगा परदेशातून निघालेला, घरात समजणारं कुणी नाही. "दो दिन वो खिड़की खुलवाने को कहती रहीं, और हम पानी पिलाते रहे. बेटे ने आकर बताया." तेव्हापासून ही वही.

"पण मी आहे ना घरात," मी म्हणालो. "मराठी समजणारा."

"मैंने भी भाभीजी से यही कहा था. बोलीं, ये घबरा जाएँ तो इनको कुछ सुनाई नहीं देता."

मी वही मिटून त्यांच्या हातात दिली. त्या उठल्या. "आज बाजार मत जाइए," एवढंच म्हणाल्या आणि स्वतः बाहेर व्हरांड्यात जाऊन बसल्या.

मी आत गेलो. विजयानं विचारलं, "टोमॅटो आणलेत?"

"नाही. वही वाचली."

तिनं चादर नीट केली आणि म्हणाली, "अक्षर फार वाईट आलंय ना? हात थरथरतो हो." आणि माझ्यासमोर, लग्नानंतर पहिल्यांदा, ती मोकळी रडली. मीही रडलो. मी सूज म्हणून सांगितलेली गोष्ट आम्ही दोघांनी तिच्या खऱ्या नावानं उच्चारली आणि छत काही पडलं नाही.

त्यानंतर आम्हाला सोळा दिवस मिळाले. मृणाल येऊन राहिली. तिला विजयानं बांगड्या स्वतःच्या हातानं दिल्या, आणि नऊवारी कशी नेसायची ते पलंगावरून हिंदीत ओरडून शिकवलं. मिरजेच्या कुठल्या मैत्रिणीशी तीस वर्षांपूर्वी भांडण झालं होतं, तिला फोन लावला. मला कुकर लावायला शिकवलं. संशयात घालवलेले दिवस मी मनातल्या मनात परत मागत होतो, पण ते काही कुणी देत नाही.

तिचं खाणं थांबलं तेव्हा मी पुन्हा उसळलो. "सलाइन लावा. उपाशी मारताय का तिला?" सिस्टरांनी मला पलंगाशी बसवलं, ओला कापूस माझ्या हातात दिला आणि ओठ कसे टिपायचे ते दाखवलं. "खाना बंद हुआ है इसलिए नहीं जा रहीं, भाईसाहब. जा रही हैं, इसलिए खाना बंद हुआ है. पानी चढ़ाएँगे तो साँस में उतरेगा." मी ओठ टिपत राहिलो. करायला काही नाही असं समजून जिथून सगळे निघून गेले होते, तिथे या बाईंनी मला रोज नवीन काम काढून दिलं.

शेवटच्या दिवशी खरोखरच हिंदी गेली. मृणालनं विचारलं, "मम्मी, क्या चाहिए?" तर विजया म्हणाली, "कूस." मृणाल गोंधळून माझ्याकडे बघायला लागली, आणि माझे कान तर केव्हाच बंद पडले होते. सिस्टर मात्र पुढे झाल्या आणि दोन्ही हातांनी तिला अलगद खिडकीच्या बाजूला वळवलं. विजयाच्या कपाळावरची आठी गेली. जरा वेळानं सिस्टर मला म्हणाल्या, "आप थोड़ा बाहर बैठिए, रात भर के जागे हैं." मी ऐकलं. तोवर त्यांचं ऐकायची सवय झाली होती.

दुपारचे चार वाजत आले होते. मी डायनिंगच्या टेबलाशी डोळे मिटून बसलो होतो. कप ठेवल्याचा आवाज झाला. सिस्टरांनी चहा आणला होता. त्यांनी आमच्या घरात कधी गॅस पेटवला नव्हता. मी काही न विचारता एक घोट घेतला.

चहा गोड होता.

मी कप खाली ठेवला नाही. सगळा प्यायलो. त्या समोर उभ्या राहिल्या, कप रिकामा होईपर्यंत. मग मी उठून आत गेलो.

नंतर दिवस झाले. माझी थोरली बहीण माई मिरजेहून आली होती. चौदाव्या दिवशी फाटकाची बेल एकदाच वाजली. फाटक उघडंच होतं. सिस्टर आल्या त्या बिल्ला लावून. मी तो पहिल्यांदाच नीट वाचला. घड्याळ मात्र त्यांनी दारातच काढलं. मी म्हणालो, "आता पेशंट कुठाय?" तर माझ्याकडे नुसतं बघितलं. मी खातो का, झोपतो का, विचारलं. उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या परत न्यायच्या होत्या. त्यांनी मोजल्या, मग जुन्या खोडीनं मीही मोजल्या. बरोबर होत्या. त्या हसल्या. त्या दिवशी त्यांनी आमच्याकडे चहा घेतला. मी केलेला.

निघताना दारात त्यांनी हात जोडले. "येते, भाईसाहब."

माईनं दचकून पदर तोंडाला लावला. आपल्याकडे दुखवट्याच्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. तशा कामासाठी पुन्हा यायची वेळ येऊ नये, म्हणून माणसं न बोलता उठून जातात. 'येते' विजयानं शिकवलं होतं. पण कुठल्या घरात ते म्हणायचं नाही, हे शिकवायचं राहून गेलं होतं. तेवढा वेळ तिला मिळाला नव्हता. वहीत तो नियम नव्हता, आणि तो असता तर या बाईंनी पाळला असता, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

"अगं बाई, असं म्हणू नये हो," माई पुटपुटली.

"म्हणू दे," मी म्हणालो. आणि सिस्टरांना म्हटलं, "या. जरूर या."

फाटकाबाहेर स्कूटी दोनदा घरघरली आणि सुरू झाली. माई मला विचारत राहिली की ही कोण, कुठली, कुठे राहते. मी गच्चीच्या जिन्यापर्यंत गेलो होतो. तिथूनच परत आलो आणि त्यांचा कप विसळायला घेतला.